सिमेंटच्या रस्त्याला पडलेली चाकोरी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर चढला की डांबर मऊ पडतं. सिग्नलपाशी, जिथे ट्रक आणि बस थांबतात, तिथला डांबरी रस्ता चाकांखाली दबत जातो आणि त्याला चाकोरी पडते. सिमेंटचा रस्ता उन्हाला असा नमत नाही. तरीही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सिमेंटच्या महामार्गांना चाकोऱ्या पडल्या आहेत, आणि त्या मुख्यतः साध्या कारनी पाडलेल्या आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. कारच्या डाव्या-उजव्या चाकांत साधारण दीड मीटर अंतर असतं, ट्रकच्या चाकांत त्याहून जास्त. चाकोऱ्यांमधलं अंतर कारशी जुळतं.

तिकडे बर्फावर गाडी घसरू नये म्हणून हिवाळ्यात खिळ्यांचे टायर लावतात. एका टायरला शंभरेक खिळे, रबराबाहेर मिलिमीटरभर आलेले, आणि टोकाला टंगस्टन कार्बाइड, म्हणजे दगडात भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या टोकाला असतं तेच. बर्फ असला की खिळा त्यात रुततो. बर्फ नसला की थेट रस्त्यावर आपटतो.

पाट्याला टाकी लावताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. एका घावाने कणभरच दगड उडतो, पण घावाशेजारी घाव पडत गेला की अख्खा पाटा खरबरीत होतो. आता हिशोब करा. कारचं चाक साधारण दोन मीटरला एक फेरा घेतं, म्हणजे किलोमीटरला ५०० फेरे. शंभर खिळे, चार चाकं: एकाच गाडीचे किलोमीटरभरात दोन लाख घाव! वेग वाढला की घाव आणखी जोरात बसतो.

आधी झिजतो तो वरचा रेती-सिमेंटचा थर. मग गिट्टी उघडी पडते आणि पुढचे घाव ती झेलते. म्हणून सुरुवातीला झीज भराभर होते, नंतर मंदावते, आणि किती मंदावेल ते दगडाच्या जातीवर ठरतं. चुनखडी लवकर हार मानते. आपल्याकडची काळी गिट्टी, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, बराच जास्त टिकाव धरेल.

पावसात या चाकोऱ्यांत पाणी साचतं. वेगातलं चाक त्या पाण्यावर तरंगतं, मग ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग ऐकतं. आणि उडालेला दगडाचा भुगा लोकांच्या फुफ्फुसात जातो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते. जपानने १९९० मध्ये या टायरांविरुद्ध कायदा केला, तो या धुळीपायीच.