चार आलेख, एकच वेळ

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीतल्या द्राक्ष बागायतदाराची झोप हवामानावर ठरते. बागेत हवामान केंद्र बसवलेले असेल तर तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती वेळ ओले राहिले या नोंदी मिळतात. पण बहुतेकदा एकेक आलेख वेगळा उघडून बघावा लागतो, आणि डावणी हा द्राक्षावरचा रोग येणार का, हे असे एकेका नोंदीतून कळत नाही. डावणीला पान ओले लागते आणि त्याच तासांत तापमानही मानवावे लागते. हे ‘त्याच तासांत’ बघायचे तर चारही आलेख एकाखाली एक, वेळेच्या एकाच अक्षावर हवेत.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या साधनात हे कोडच्या एका ओळीचे काम. ‘सबप्लॉट्स’ या आज्ञेला ४ ओळी, १ स्तंभ असे सांगायचे आणि ‘शेअर-एक्स’, म्हणजे आडवा अक्ष सामाईक, चालू करायचे. मग एका आलेखात एखादी रात्र मोठी करून पाहिली की उरलेले तीनही त्याच रात्रीवर येतात. जॉन हंटर या मेंदूशास्त्रज्ञाने २००३ साली मॅटप्लॉटलिब आणले, ते अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत बघण्याच्या गरजेतून.

चारही रेषा एकाच चौकटीत कोंबायचा मोह टाळावा. डावीकडे अंश सेल्सिअस, उजवीकडे मिलिमीटर, आणि कोणतीही मोजपट्टी जरा सरकवली की रेषा हव्या तिथे एकमेकींना छेदतात. त्या छेदाला काडीचा अर्थ नसतो.

उभा अक्ष सामाईक ठेवायचा की नाही, हे प्रश्न बघून ठरते. इगतपुरी, नाशिक आणि येवल्याचा महिनावार पाऊस शेजारी शेजारी मांडून ‘शेअर-वाय’ चालू केले, तर इगतपुरीचे खांब वरपर्यंत जातात आणि येवल्याचे तळाशी चिकटतात. घाटापासून पूर्वेकडे पाऊस कसा आटतो ते लख्ख दिसते. येवल्यात खंड कधी पडला, ते मात्र दिसत नाही. त्यासाठी अक्ष वेगळे करायचे आणि आकडे ठळक लिहायचे. नाहीतर येवल्यातही इगतपुरीएवढाच पाऊस पडतो असे वाटेल! मी तर दोन्ही चित्रे देईन.

शीर्षके एकमेकांवर चढत असतील तर आलेखांमधली जागा आपोआप जुळवणारा ‘कन्स्ट्रेंड लेआउट’ लावावा. मराठी नावांचा त्रास वेगळाच. मूळ फाँटमध्ये देवनागरी नसल्याने नुसते चौकोन उमटतात, आणि फाँट बदलला तरी अनेक आवृत्त्यांत ‘निफाड’ची वेलांटी ‘न’च्या उजवीकडे जाते. चित्र एसव्हीजी या फाइल-प्रकारात साठवून अक्षरे मजकूर म्हणूनच राहू दिली, तर ब्राउझर ती नीट जुळवतो.