गल्लीतील वेग कशाने ठरतो?

इंदूरच्या रामबागेतील आमची गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा मीटर रुंद आहे; मागच्या आठवड्यात मी टेप लावून मोजली. एवढ्या जागेत दुचाक्या उभ्या असतात, भाजीची हातगाडी येते, मुले क्रिकेट खेळतात आणि संध्याकाळी शेजारच्या आजी काठी टेकत देवळापर्यंत जाऊन येतात. तोंडाशी ‘धीरे चलें’ अशी पाटी आहे, पण ती वाचून कोणी वेग कमी केल्याचे मी पाहिलेले नाही. चालकाच्या पायाला हुकूम देतो तो समोर दिसणारा रस्ता.

ताशी ३० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला चेंडूमागे धावणारे मूल दिसले आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ६ मीटरांत, म्हणजे एकूण १४ मीटरांवर थांबते. वेग ताशी ५० असेल, तर तेच १४ मीटर त्या एका सेकंदातच संपतात. जिथे पहिली गाडी उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक नुकताच लागू होत असतो आणि मुलाला धडक पूर्ण वेगाने बसते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० चा आघात साडेतीन मीटर उंचीवरून पडण्याएवढा असतो, तर ताशी ५० चा जवळजवळ दहा मीटरांवरून, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरून पडण्याएवढा. निवासी रस्त्यांसाठी जगभर ३० ची मर्यादा सुचवली जाते, तिच्यामागे हेच गणित आहे.

मग हा वेग रस्त्यातच कसा घडवायचा? सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे कोपरा. वळणाची त्रिज्या चौपट केली की तेवढ्याच सहजतेने दुप्पट वेगाने वळता येते. तीन मीटर त्रिज्येच्या वळणावर दुचाकी आपसूक मंदावते. तोच कोपरा बारा मीटरांचा गोलाकार करून दिला, तर ती न मंदावता थेट गल्लीत शिरते.

गतिरोधकाचेही तसेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ताशी २५ किलोमीटरसाठीचा उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, म्हणजे अगदी सौम्य चढाचा असतो. आमच्याकडचा सिमेंटचा उंचवटा जेमतेम वीतभर लांब आहे. त्यावर पाठीचा कणा हादरतो, म्हणून दुचाकीस्वार गटाराच्या कडेला राहिलेल्या हातभर फटीतून गाडी काढतात, आणि आजी चालतात त्या नेमक्या त्याच कडेने.

पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असेही याच संस्थेच्या सूचना सांगतात. दोन्ही बाजूंना तसे पदपथ दिले, तर आमच्या गल्लीत वाहनासाठी २.४ मीटर उरतात, म्हणजे मोटार कशीबशी जाईल. अशा अरुंद जागी पदपथाचा हट्ट सोडून पूर्ण रस्ताच एका पातळीवर फरसबंद करावा आणि वाहनाने पादचाऱ्याच्या चालीने यावे, हे मला अधिक योग्य वाटते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात हा प्रयोग झाला आणि १९७६ मध्ये त्या देशाने त्याला कायद्याची मान्यता दिली. आपल्या जुन्या वस्त्यांना तो परका नाही. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबाराला शहराच्या नियोजनाचा अहवाल सादर केला. जुनी वस्ती फोडून सरळ रुंद रस्ते काढण्यापेक्षा नेमकी गरज असेल तेवढीच काटछाट करावी, ही त्यांची भूमिका होती.

कोपरा आवळला तर अग्निशामक गाडी कशी वळेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी कोपऱ्याच्या आतल्या बाजूस खडबडीत दगडांचा, कडेला जेमतेम पाच सेंटीमीटर उंचीचा उतरता पट्टा बसवता येतो. दुचाकीस्वार खडबडीतपणामुळे तो टाळतो आणि बाहेरून, हळू वळतो. मोठ्या गाडीचे मागचे चाक त्यावरून सहज चढून उतरते.