घरबांधणीतील मालकाची सामाजिक सुरक्षेची जबाबदारी

स्वतःसाठी घर बांधणाऱ्या, माडी चढवणाऱ्या किंवा जुन्या घराची डागडुजी करणाऱ्या मालकावर तेथील मजुरांसंबंधी भारतीय कायद्याने येणारी देणी. मालकाच्या मनात तो फक्त घर बांधत असतो. कायद्याच्या नजरेत तो कामावर माणसे ठेवणारा नियोक्ताही असू शकतो.

यातले सर्वांत परिचित देणे म्हणजे कामगार कल्याण उपकर. १९९६ च्या दोन केंद्रीय कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर किमान १ आणि कमाल २ टक्के उपकर ठरवला. प्रत्यक्षात १ टक्का घेतला जातो. खर्चात जमिनीची किंमत धरत नाहीत. हा पैसा राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. स्वतःच्या राहत्या घराला १० लाख रुपयांपर्यंत सूट होती. महागाईत ही मर्यादा जवळजवळ निरर्थक झाली होती, दोन खोल्यांचे घरही तिच्याबाहेर जाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने ती ५० लाखांवर नेली. मर्यादा ओलांडली की उपकर वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण खर्चावर बसतो: ६० लाखांच्या घराला १ टक्क्याने ६० हजार. पूर्वीच्या नियमांत बांधकाम परवानगीच्या अर्जासोबतच आगाऊ रक्कम भरावी लागे. संहितेनुसार काम संपल्यावर ६० दिवसांत मालकाने स्वतः हिशेब करून भरायची आहे.

उपकर माफ म्हणजे सगळेच माफ, हा समज मात्र घातक आहे. अपघाताची भरपाई हा वेगळा विषय आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात तात्पुरत्या कामावरचा, मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेला मजूर वगळलेला होता. २००० च्या दुरुस्तीने ते वगळणे काढून टाकले. भरपाईची तरतूद आता संहितेत आहे. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. महिना १५,००० रुपये मजुरी आणि वय ३० असेल, तर गुणक २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. काम पूर्ण ठेक्याने दिले असेल तर हा भार सर्वसाधारणपणे ठेकेदारावर जातो. गवंडी-बिगारी रोजंदारीवर थेट लावले तर नियोक्ता मालकच. खरा घोळ होतो तो लेबर रेटच्या कामात: सिमेंट, वाळू, सळई मालकाची, माणसे मिस्त्रीची, आणि कागद कोणाकडेच नाही.

स्लॅबच्या दिवशी हे उघडे पडते. एरवी चार-पाच माणसांच्या कामावर त्या दिवशी पंधरा-वीस जणांची टोळी येते, घमेली हातोहात वर जातात आणि संध्याकाळी टोळी पुढच्या कामाला निघते. त्यांची नावे फक्त मुकादमाला ठाऊक असतात. त्यातला कोणी परांचीवरून पडला, तर तो कोण आणि किती मजुरीवर होता हेच सिद्ध करता येत नाही. साध्या वहीत नाव, दिवस आणि दिलेली मजुरी सहीनिशी लिहिणे हा मालकाच्या हातातला सर्वांत स्वस्त पुरावा आहे. ठराविक मुदतीसाठी मजुरांच्या भरपाईचा विमाही उतरवता येतो.

भविष्य निर्वाह निधीची किमान २० आणि राज्य कामगार विम्याची किमान १० माणसांची अट एका घराच्या कामाला क्वचितच लागू होते. म्हणून या मजुराचा मुख्य आधार मंडळातील नोंदणी हाच उरतो. तिच्यासाठी वय १८ ते ६० आणि मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, अशी अट आहे. नाक्यावरचा बिगारी वर्षभरात अनेक मालकांकडे थोडे-थोडे दिवस राबतो. त्यामुळे कामाचे ९० दिवस भरूनही दाखल्यासाठी त्याला दारोदार फिरावे लागते, आणि तिथे मालकाच्या वहीतले त्याचे नाव कामी येते.