झेंग हे अमेरिकेला पोहोचला होता का?

नाही. १४२१ मध्ये चिनी दर्यावर्दी झेंग हे याच्या आरमाराने अमेरिका शोधली, हा दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. पुरावा म्हणून एक नकाशा दाखवतात: १४१८ च्या नकाशाची म्हणे १७६३ मधली नक्कल. पण त्यात कॅलिफोर्निया चक्क बेट आहे! ही चूक सतराव्या शतकातल्या युरोपीय नकाशांत रूढ झाली. १४१८ मध्ये ती येणार कुठून?

झेंग हेच्या १४०५ ते १४३३ मधल्या सात मोहिमा हिंदी महासागराकडे गेल्या. कालिकत, होर्मुझ, पुढे पूर्व आफ्रिका. मला हा खरा प्रवासच अधिक थक्क करतो. सोबतच्या मा हुआन या दुभाष्याने कालिकतचा मिऱ्यांचा व्यापार, तिथल्या लोकांचा हातापायांच्या बोटांवरचा बिनचूक हिशेबसुद्धा लिहून ठेवला. अमेरिकेबद्दल मात्र अक्षरही नाही.