पाळी गेली म्हणून जिने सोडू नका

लोकलच्या लेडीज डब्यात पन्नाशीच्या बाईला हमखास मिळणारा सल्ला: "पाळी गेली ना तुमची? मग आता वजन उचलू नका, पूल चढू नका. हाडं ठिसूळ होतात."

यातलं निम्मं खरं आहे. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं संप्रेरक (हार्मोन) घटतं आणि पहिली काही वर्षं हाडं भराभर झिजतात. पण आराम हा त्यावरचा उपाय नव्हेच. हाडावर भार पडला तर ते टिकून राहतं, भार काढला की आणखी विरळ होतं. म्हणून दादरच्या पुलाचे जिने, शिवाजी पार्कची फेरी, भाजीची पिशवी, सगळं चालू ठेवायचं. हात न टेकता खुर्चीतून उठबस करायची. पोहणं हृदयाला उत्तम, पण हाडांना फारसं नाही; तिथे भार पाणीच पेलतं.

जेवणात नाचणीची भाकरी (100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम), तीळ, दही. मांदेली काट्यासकट खा. महागड्या पापलेटचे काटे आपण टाकूनच देतो! गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

साध्या पडण्यानंही हाड मोडलं असेल, तर व्यायाम कोणता ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि वर्षभर पाळी नसताना पुन्हा रक्त दिसलं, तर "उरलंसुरलं पडतंय" म्हणून गप्प बसू नका, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.