आकुर्डीच्या एका ताळेबंदातून निघालेल्या तीन कंपन्या

जानेवारी २०२४ पासून बजाज ऑटोने आपल्या गाड्यांसाठी स्वतःच्या उपकंपनीमार्फत कर्ज द्यायला सुरुवात केली. तिचे नाव बजाज ऑटो क्रेडिट. बजाज फायनान्स घरचीच असताना ही नवी कंपनी कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर पुण्याजवळच्या आकुर्डीतल्या बजाज ऑटोच्या कारखान्याच्या जुन्या इतिहासात आहे.

१९६० च्या सुमारास इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर इथे स्कूटर बनू लागली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि पुढच्याच वर्षी ‘चेतक’ आली. उत्पादन किती वाढवायचे हे सरकारी परवाना ठरवत असे. मागणी मात्र त्याच्या कितीतरी पुढे होती, त्यामुळे नंबर लावलेल्या माणसाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. लग्न ठरताना ‘स्कूटरचा नंबर लागलाय’ हेही सांगितले जाई. अशा बाजारात विक्रीसाठी धडपडावे लागत नाही. कंपनीकडे रोकड साचत गेली आणि ती गुंतवणे हेच हळूहळू स्वतंत्र काम झाले. बजाजच्या वित्त व्यवसायाचे मूळ मला त्या साचलेल्या पैशात दिसते.

ऐंशीच्या दशकात जपानी तंत्रज्ञानाच्या मोटरसायकली आल्या आणि गिऱ्हाईक निवड करू लागले. १९८७ मध्ये बजाज ऑटो फायनान्स, म्हणजेच आजची बजाज फायनान्स, स्थापन झाली. दुचाकी आणि रिक्षा हप्त्यांवर देणे हे तिचे काम होते, म्हणजे कारखान्याचा माल खपायला मदत करणे. पुढे ती फ्रीज-टीव्हीसाठीही कर्ज देऊ लागली. २००१ मध्ये जर्मनीच्या अलियान्झबरोबर विमा व्यवसाय सुरू झाला. त्यात ७४ टक्के वाटा बजाज ऑटोचा होता. त्याच वर्षी ‘पल्सर’ही आली. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्याही बजाज ऑटोच्याच मालकीच्या होत्या.

या धंद्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत. कारखान्याचा पैसा साच्यांत, यंत्रांत आणि सुट्या भागांत अडकतो. गाडी डीलरकडे गेली की मोकळा होतो. कर्जाच्या धंद्यात गाडी शोरूमबाहेर पडते तेव्हा काम सुरू होते आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत नफा पक्का नसतो. कारखाना शक्यतो बिनकर्जी चालवता येतो. वित्त कंपनीचा कच्चा मालच उसना पैसा असतो. आयुर्विम्यात तर सुरुवातीची अनेक वर्षे नुसते भांडवल ओतावे लागते. हे सगळे एकाच ताळेबंदात असले की गाड्यांवर किती कमावले आणि गुंतवणुकीवर किती, हे साध्या भागधारकाला उमगत नाही.

शोरूममधल्या टेबलावरचा पेच त्याहून अवघड. गाडी बनवणाऱ्याला प्रत्येक गिऱ्हाईक हवे असते. कर्ज देणाऱ्याला मात्र काहींना नाही म्हणावेच लागते, नाहीतर वसुली थकते. दोघांचा मालक एकच असेल तर महिनाअखेरीस विक्रीचा आकडा गाठण्यासाठी दबाव कुणावर येणार हे उघड आहे. माझ्या मते कंपन्या वेगळ्या करण्याचे खरे मोल इथे आहे.

२००७ मध्ये विभाजन जाहीर झाले. मूळ कंपनी ‘बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट’ झाली आणि गुंतवणुकीचा मोठा भाग तिच्याकडे राहिला. वाहनांचा धंदा नव्या बजाज ऑटोकडे गेला. वित्त, विमा आणि त्या पवनचक्क्या बजाज फिनसर्व्हला मिळाल्या. मूळ एका शेअरमागे दोन्ही नव्या कंपन्यांचा प्रत्येकी एक शेअर मिळाला, आणि मे २००८ मध्ये त्यांची बाजारात नोंदणी झाली. राहुल बजाज यांच्या दोन मुलांत दोन धंदे, राजीव यांच्याकडे वाहने आणि संजीव यांच्याकडे वित्त, अशी वाटणी म्हणून याकडे पाहिले जाते. ते खरेच आहे, पण तेवढ्याने हा निर्णय पुरता समजत नाही.

२०१० मध्ये बजाज ऑटो फायनान्सच्या नावातून ‘ऑटो’ गेले. ती कंपनी घरगुती वस्तू, वैयक्तिक कर्जे, छोटे उद्योजक अशा सगळीकडे पसरली. तिच्या पसाऱ्यात दुचाकीचा वाटा लहान होत गेला, आणि तिच्या दृष्टीने ते योग्यच होते. बजाज ऑटोची गरज मात्र तशीच राहिली: मंदीतही आपल्याच गाडीसाठी कर्ज देणारा कुणीतरी हवा. ती गरज आता बजाज ऑटो क्रेडिट भागवते. फरक एवढा, की हे कर्ज गाड्यांच्या हिशेबात न मिसळता वेगळ्या उपकंपनीत, रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली राहते.

विजेवरच्या ‘चेतक’साठीही चेतक टेक्नॉलॉजी ही उपकंपनी आधीच काढली होती. तिचा कारखाना जून २०२२ मध्ये सुरू झाला, तोही आकुर्डीतच.