विज्ञानसाहस कादंबरीचं ऑडिओबुक : माइकसमोर बसण्याआधी

किशोरांसाठी लिहिलेली विज्ञानकादंबरी छापील पानावर कितीही वेगवान असली, तरी जशीच्या तशी वाचून काढली की ऐकताना अडखळते. पानावर बरंचसं काम डोळे करत असतात. अनोळखी ग्रहाचं नाव आलं की वाचक दोन पानं मागे जाऊन बघतो. यानाच्या पडद्यावरचा संदेश ठळक अक्षरांत असतो, नकाशा शेजारच्या पानावर असतो. बसमध्ये कानाला हेडफोन लावून ऐकणाऱ्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून आमच्या स्टुडिओत पहिला दिवस संहितेवर खर्च होतो, माइक नंतर लागतो. संहिता देण्याआधी लेखकाने किंवा प्रकाशकाने काय करून ठेवावं, ते इथे सांगितलं आहे.

नावांची उच्चारसूची

ग्रह, यानं, यंत्रमानव, टोळ्या, हत्यारं अशी घडवलेली झाडून सगळी नावं एका यादीत उतरवा. मराठीत ही यादी फार गरजेची, कारण च, ज, झ ही अक्षरं आपण दोन-दोन प्रकारे उच्चारतो आणि लिहितो मात्र एकाच प्रकारे. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले झ वेगळे. ओळखीच्या शब्दात जीभ आपोआप बरोबर वळते; नव्या शब्दात तिला आधार नसतो. समजा, तुमच्या ग्रहाचं नाव ‘झोरा’ आहे. यातला झ ‘झोप’मधला, ‘झेंडा’मधला, की इंग्रजी ‘झिरो’मधला? निवेदकाने पहिल्या दिवशी एक उच्चार केला आणि पाचव्या दिवशी दुसरा, तर ऐकणाऱ्याला ते दोन ग्रह वाटतात. यादीत नावापुढे त्याच उच्चाराचा एक रोजचा शब्द लिहा आणि सगळी यादी स्वतः वाचून व्हॉट्सअॅपवर आवाजी संदेश पाठवा. पाच मिनिटांच्या या संदेशामुळे नंतरची पुष्कळ दुरुस्ती वाचते.

निवेदक हिंदी डबिंगही करत असेल, तर ‘विज्ञान’ आणि ‘कृष्णविवर’ हे शब्द त्याच्याकडून आवर्जून वाचून घ्या. सवयीने ‘विग्यान’ आणि ‘क्रिष्ण’ येतं. ‘कृष्णविवर’ पुस्तकात चाळीस वेळा असेल, तर चाळीस ठिकाणी तुकडा बदलावा लागतो.

आकड्यांचंही आधीच ठरवा. 2187 हे साल ‘एकवीसशे सत्त्याऐंशी’ वाचायचं की ‘दोन हजार एकशे सत्त्याऐंशी’? 3.7 म्हणजे ‘तीन पूर्णांक सात दशांश’ की ‘तीन पॉइंट सात’? आमचा कौल असा: निवेदनात मराठी पद्धत, कंट्रोल रूममधल्या माणसांच्या तोंडी ‘पॉइंट’. उलटी गणती, कक्षेचे कोन, इंधनाची टक्केवारी असे आकडे एका परिच्छेदात तीनाहून जास्त झाले, तर ऐकणारा ते सोडून देतो. कथेला लागतो तेवढाच आकडा ठेवा.

संवाद कोणाचा, ते कानाला कळलं पाहिजे

इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘मी जाते’, ‘मी जातो’ म्हटलं की बोलणारी मुलगी की मुलगा हे क्रियापदच सांगतं. पण ‘मी जाईन’मध्ये ते कळत नाही, आणि दोन मैत्रिणी बोलत असतील तर ‘जाते’नेही काम भागत नाही. साहसाच्या प्रसंगात लेखक वेगासाठी ‘म्हणाली’, ‘ओरडला’ गाळतात आणि नेमकं तिथेच कोण बोलतंय ते हरवतं. चार-पाच ओळींत एकदा तरी नाव येऊ द्या, तेही वाक्याआधी. ‘ “दार लाव!” मीरा ओरडली’ यापेक्षा ‘मीरा ओरडली, “दार लाव!” ’ हे ऐकायला सोपं, कारण निवेदक आवाज बदलण्याआधी श्रोता तयार झालेला असतो.

चौदा-पंधरा वर्षांच्या पात्रासाठी आवाज बारीक करू नये, असं आमचं ठाम मत आहे. सात तास बारीक आवाज कानाला बोचतो, आणि किशोर श्रोत्याला आपली नक्कल केल्यासारखं वाटतं. बोलण्याचा वेग आणि श्वास बदलला की वय कळतं.

अवकाशातले आवाज

निर्वात पोकळीत आवाज पोचत नाही. यानाबाहेरच्या स्फोटाला ‘धडाम’ लावला की विज्ञानाची आवड असलेला मुलगा तिथेच थांबतो. आम्ही अशा वेळी यानाच्या आतून ऐकू येईल असा आवाज देतो: तुकडा आदळल्यावर भिंतीतून येणारा दबका ठोका, पाइपांची थरथर. मंगळावर मात्र हवा आहे, पण तिचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. 2021 मध्ये पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मायक्रोफोननी तिथले आवाज टिपले. आवाजाचा वेग तिथे सेकंदाला सुमारे 240 मीटर भरला, आपल्याकडे तो 340च्या आसपास असतो. उंच पट्टीचे आवाज तिथे लवकर विरतात. म्हणून मंगळावरचं वादळ आम्ही पातळ आणि दूरचं ठेवतो.

रेडिओवरचं बोलणं 300 ते 3,400 हर्ट्झच्या फिल्टरमधून काढलं की हेल्मेटमधलं वाटतं. अपोलो मोहिमांच्या ध्वनिमुद्रणात ऐकू येणारी ‘पीप’ पाव सेकंदाची असते, बोलणं सुरू होताना 2,525 हर्ट्झ आणि संपताना 2,475. ती पृथ्वीवरचा ट्रान्समीटर चालू-बंद करण्यासाठी होती, त्यामुळे अंतराळवीरांच्या आपसातल्या बोलण्याला लावू नका. पृथ्वीवरून मंगळावर संदेश जायला अंतरानुसार साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. संहितेत दोन्हीकडची माणसं फोनवर बोलावं तशी बोलत असतील, तर ते लेखकाने आधीच सुधारून द्यावं. रेकॉर्डिंगमध्ये ते झाकता येत नाही.

पार्श्वसंगीत प्रकरणाच्या सुरुवातीला आणि शेवटी पुरे. वाक्यांखाली सतत संगीत असेल, तर स्वस्त इअरफोनवर ‘त’ आणि ‘थ’ सारखेच ऐकू येतात.

वेळेचा आणि फाइलींचा हिशोब

मराठी निवेदनाचे तासाला साधारण 7,000 शब्द धरा. 50,000 शब्दांची कादंबरी म्हणजे सुमारे सात तासांचं ऑडिओबुक. एका तयार तासामागे (म्हणजे संपादन होऊन ऐकायला मिळणाऱ्या तासामागे) अडीच तास रेकॉर्डिंग, तीन तास संपादन आणि सव्वा तास संहिता समोर ठेवून तपासणी. निवेदकाचा आवाज दिवसात दोन तासांपुढे बसायला लागतो, त्यामुळे साडेसतरा तासांच्या रेकॉर्डिंगला नऊ बैठका लागतात. प्रत्येक बैठकीआधी आदल्या दिवसाची दोन मिनिटं ऐकवतो, नाहीतर सातव्या प्रकरणात नायिकेचा आवाज बदललेला असतो.

घरी रेकॉर्ड करणार असाल, तर पंखा बंद, फ्रिज दुसऱ्या खोलीत, आणि सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीची वेळ टाळा. माइक तोंडापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, किंचित तिरका. समोर ठेवला की ‘प’ आणि ‘भ’चा फटका बसतो. 24 बिट वॅव्हमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल), आवाजाची शिखरं उणे 12 ते उणे 6 डेसिबलमध्ये ठेवून रेकॉर्ड करा; शून्य म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा. कोणी काही न बोलता खोलीची शांतता एक मिनिट टिपून ठेवा. संपादनात कापलेल्या जागा तिनेच भरतात.

ऑडिबलसाठी फाइली घेणारं एसीएक्स सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, शिखर उणे 3 पर्यंत आणि खोलीचा आवाज उणे 60 च्या खाली मागतं. एमपी3 किमान 192 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), स्थिर दराने. या दराने तासाला सुमारे 86 एमबी, म्हणजे सात तासांचे 600 एमबी. तुमचं प्रकाशन दुसऱ्या मंचावर असेल तरी या मोजमापांत बसलेली फाइल सहसा अडत नाही. एका प्रकरणाची एक फाइल, शक्यतो वीस ते तीस मिनिटांची. मुखपृष्ठ चौकोनी, 2400 बाय 2400 पिक्सेल. छापील मुखपृष्ठ ताणून चौकोनी करू नका, चित्रातली गोल यानं अंडाकृती होतात.

हक्क

कॉपीराइट कायदा, 1957च्या कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशातल्या मराठी श्रोत्यांसाठीही विकायचं असेल, तर ‘जगभर’ हा शब्द करारात घालून घ्या. छापील पुस्तकाच्या जुन्या करारात ध्वनिहक्क कोणाकडे आहेत, हे आमच्याकडे येण्याआधी तपासा. निवेदकाचा आवाज यंत्राला शिकवायला वापरायचा की नाही, हेही वेगळ्या कलमात लिहा.

संहिता मिळाल्यावर आम्ही एका संवादप्रधान प्रकरणातली पंधरा मिनिटं नमुना म्हणून पाठवतो. ती हेडफोनवर एकदा आणि फोनच्या स्पीकरवर एकदा ऐका, आणि शक्य असेल तर बारा ते सोळा वयाच्या मुलालाही ऐकवा. उच्चार, वेग, पात्रांचे आवाज याबद्दलचे बदल याच टप्प्यावर लेखी कळवा. नमुना मंजूर झाल्यावर निवेदकाने चुकून वेगळं वाचलं तर दुरुस्ती आमच्या खर्चाने होते. संहिता किंवा उच्चारसूची बदलली तर त्या तुकड्यांचं शुल्क तयार मिनिटांवर लागतं.